ब्लॅक बेल्टबद्दल पालकांशी थोडं

कराटेच्या क्लासला प्रवेश घेताना फी विचारून झाली की पुढचा प्रश्न ठरलेला असतो, "सर, ब्लॅक बेल्ट किती वर्षांत?" आठवड्यातून तीन दिवस न चुकता येणाऱ्या मुलाला आमच्याकडे साधारण पाच वर्षं लागतात, काहींना सहा. दीड वर्षात देणारेही आहेत. अशाच एका ठिकाणाहून आमच्याकडे आलेली मुलगी पहिल्या दिवशी काळा पट्टा बांधून उभी राहिली. दुसऱ्या दिवशी तिने तो बॅगेतच ठेवला आणि पांढरा मागून घेतला. आम्ही तिला काही बोललो नव्हतो.

काळा पट्टा म्हणजे कराटे संपूर्ण आलं, असा आपल्याकडे समज आहे. जपानीत या पहिल्या पायरीला 'शोदान' म्हणतात. जपानीत 'एक'साठी 'इची' हा शब्द आहे, पण इथे तो वापरत नाहीत. इथला 'शो' म्हणजे सुरुवातीचा. आपल्या शाळेच्या हिशेबाने सांगायचं तर बाराखडी झाली, आता वाचायला घ्या.

दान म्हणजे दर्जा, पायरी. ही पद्धत मुळात कराटेची नाही. जपानमध्ये 'गो' नावाच्या बैठ्या खेळात खेळाडूंचे दर्जे असे मोजत. ज्युदोचे संस्थापक जिगोरो कानो यांनी ती उचलली आणि १८८३ मध्ये आपल्या दोन शिष्यांना पहिले दान दिले. गंमत म्हणजे तेव्हा काळा पट्टा नव्हताच, तो नंतर आला. ओकिनावाहून टोकियोला आलेले शाळामास्तर गिचिन फुनाकोशी यांनी १९२४ मध्ये कराटेतही दान द्यायला सुरुवात केली. पांढरा पट्टा वर्षानुवर्षं न धुता मळून काळा होत गेला, ही गोष्ट ऐकायला छान असली तरी खरी नाही. पट्टा खुशाल धुवा. ड्रेस तर धुवाच, आठवड्याला धुवा.

परीक्षेत तीन भाग असतात. किहोन म्हणजे सुटे पंच, ब्लॉक, किक. काता म्हणजे ठरलेल्या क्रमाने केलेल्या हालचाली. आणि तिसरं कुमिते, समोरासमोरचा सामना. यातलं कुमिते पालकांनी एकदा तरी जवळून पाहावं. हल्ला करणारा आधी ओरडून सांगतो, "जोदान!" म्हणजे तोंडावर येतोय. मग तो पूर्ण जोराने येतो. समोरच्याला कळलेलं असतं कुठे, कधी ते कळलेलं नसतं. तो अडवतो आणि उलटा पंच मारतो, तो नाकाच्या दोन बोटं अलीकडे थांबतो. आम्ही पाच वर्षं जे शिकवतो ते त्या दोन बोटांत दिसतं. जोरात मारणं सहा महिन्यांत येतं, थांबवायला वेळ लागतो.

आमच्याकडे नापासही करतात, हे आधीच सांगून ठेवतो. मी स्वतः पहिल्या खेपेला नापास झालो होतो. बसाई दाई हा माझा सगळ्यात घोटलेला काता. मधेच एक वळण चुकलं आणि मी थांबून परीक्षकांकडे बघत राहिलो. चूक झाली म्हणून नाही, थांबलो म्हणून नापास केलं. चार महिन्यांनी पुन्हा बसलो. घरी आईने फक्त "जेवायला बस" एवढंच म्हटलं, त्याचे उपकार अजून आहेत. मुलगा नापास होऊन आला तर कृपया त्याच रात्री आम्हाला फोन करू नका.

सगळ्यात जास्त मुलं गळतात ती काळ्याच्या आधीच्या तपकिरी पट्ट्यावर. बहुतेकांची तेव्हा नेमकी दहावी आलेली असते. "सर, वर्षभर बंद करतो," म्हणून गेलेली फार थोडी परत येतात. बंद करण्याऐवजी आठवड्यातून एक दिवस पाठवा. दहावीच्या मुलांना आम्ही त्या वर्षी अर्धीच फी लावतो.

दोन गोष्टी वारंवार विचारल्या जातात. दहावीचे क्रीडागुण मान्यताप्राप्त स्पर्धांमधल्या कामगिरीवर मिळतात, नुसत्या बेल्टवर नाही. आणि ब्लॅक बेल्ट झाल्यावर हात पोलिसांत नोंदवावे लागत नाहीत. हा प्रश्न बहुधा काका-मामांकडून येतो.

पट्टा बाहेरून आणू नका, परीक्षेच्या फीमध्ये तो धरलेला आहे. नवा पट्टा पुठ्ठ्यासारखा कडक असतो, पहिले काही दिवस गाठ सारखी सुटते आणि टोकं मिशांसारखी उभी राहतात. घाबरू नका, वापराने मऊ होतो. त्यावर जपानी लिपीत नाव भरून हवं असेल तर निकालानंतर आठवडाभरात सांगा, त्याचे पैसे वेगळे. जपानीत 'ल'ही नाही आणि 'ळ'ही नाही, दोन्हींच्या जागी 'र' येतो. काळ्यांचा मुलगा पट्ट्यावर 'कारे' होतो. नंतर तक्रार चालणार नाही.