मुंबईतलं इंटरनेट कॉलिंग

इंटरनेट कॉलिंग म्हणजे टेलिफोन कंपनीची मिनिटं न वापरता इंटरनेटच्या डेटावरून केलेला फोन. आपण बोलतो त्या आवाजाचे अगदी छोटे तुकडे होतात, साधारण २० मिलिसेकंदांचा एक, ते तुकडे पाकिटात घालून नेटवरून पाठवले जातात आणि पलीकडचा फोन ते जुळवून परत आवाज तयार करतो. मुंबईत याला तांत्रिक नावाने कोणी हाक मारत नाही, "व्हॉट्सॲपवर कर ना" किंवा "व्हिडिओ लाव, बाळ दाखव" एवढंच म्हणतात आणि समोरच्याला कळतं.

या शहरात ही गोष्ट एवढी रुजली कारण मुंबईकराची अर्धी माणसं कायम दुसरीकडेच असतात. आईवडील कोकणात नाहीतर घाटावर, भाऊ दुबईत, मुलगी अमेरिकेत, आणि स्वतः लोकलमध्ये. त्यामुळे फोनवरचं मिनिट केवढ्याला पडतं हा इथे घरखर्चाचा प्रश्न होता.

मिनिटं मोजायचे दिवस

भारतातला पहिला मोबाइल कॉल ३१ जुलै १९९५ ला कोलकात्याहून दिल्लीला झाला, पश्चिम बंगालचे मुख्यमंत्री ज्योती बसू आणि केंद्रीय दूरसंचार मंत्री सुखराम यांच्यात. मुंबईत सुरुवातीच्या दोन कंपन्या म्हणजे बीपीएल मोबाइल आणि मॅक्स टच. मॅक्स टचचं पुढे ऑरेंज झालं, मग हच, मग व्होडाफोन आणि आता व्हीआय, आणि बीपीएलचं लूप झालं ते २०१४ च्या नोव्हेंबरात बंद पडलं. तेव्हा गर्दीच्या वेळेला मिनिटाला सोळा रुपयांच्या आसपास लागायचे आणि आलेल्या कॉलचेही पैसे जायचे, म्हणजे कोणी चुकून फोन केला तरी आपलाच बॅलन्स उडायचा. इनकमिंग फुकट झालं १ मे २००३ पासून. त्याच पावसाळ्यात रिलायन्सने ५०१ रुपये भरून हँडसेट घेऊन जा अशी स्कीम काढली आणि फोन फेरीवाल्यापर्यंत, कामवाल्या मावशींपर्यंत पोचायला लागला.

त्यात मुंबई हे स्वतंत्र टेलिकॉम सर्कल, म्हणजे मोबाइल सेवेचा वेगळा विभाग, उरलेला महाराष्ट्र आणि गोवा मिळून दुसरं. गणपतीला गावी निघालेला चाकरमानी मुंबई सर्कलच्या बाहेर पडला की त्याच्या फोनवर रोमिंग, म्हणजे परक्या सर्कलमधले जास्तीचे पैसे, सुरू व्हायचं. आपल्याच राज्यात, आपल्याच घरी जाताना रोमिंग लागतं हे माझ्या वडिलांना शेवटपर्यंत पटलं नाही, आणि खरं सांगायचं तर मलाही नाही.

मिसकॉल ही यातूनच निघालेली भाषा. एक रिंग म्हणजे निघालो, दोन म्हणजे खाली ये, दादरला पोचल्यावर एक देऊन कट करायची. उचलायचा नाही हे दोघांना आधीच माहीत. एक पैसाही न घालवता निरोप पोचायचा, आणि मला वाटतं नेटवरच्या फुकट कॉलची सवय आपल्याला इतक्या पटकन लागली ती या मिसकॉलमुळेच, बोलण्याचे पैसे देणं मनाला कधी मान्यच नव्हतं.

सायबर कॅफेतला हेडफोन

सर्वसामान्य लोकांसाठी इंटरनेट विदेश संचार निगमने १५ ऑगस्ट १९९५ ला सुरू केलं, ही कंपनी मुंबईचीच. पण नेटवरून फोन करणं कायदेशीर झालं १ एप्रिल २००२ ला, आणि तेही अर्धवट. कॉम्प्युटरवरून कॉम्प्युटरला चालेल, कॉम्प्युटरवरून परदेशातल्या साध्या फोनला चालेल, पण भारतातल्या साध्या फोनला लावायचा नाही. म्हणून त्या काळात दादर, कुर्ला, मुंब्र्याच्या सायबर कॅफेंत परदेशी कॉलच्या दरांचे बोर्ड दिसायचे आणि आत एखादी आई कानाला मोठा हेडफोन लावून आखाती देशातल्या मुलाशी मोठ्याने बोलत बसलेली असायची, आपलं वाक्य संपवून दोन सेकंद थांबायची कारण आवाज उशिरा पोचायचा. जाणकारांच्या हिशेबाने एका बाजूचा उशीर १५० मिलिसेकंदांच्या आत असला तर बोलणं सहज वाटतं, त्यापुढे गेला की दोघं एकदम बोलतात आणि मग दोघंही एकदम गप्प होतात.

स्काइप २००३ मध्ये आलं आणि मे २०२५ मध्ये बंद झालं. ज्यांची मुलं परदेशात होती त्या घरांत रविवारची संध्याकाळ त्याच्यासमोर जायची.

याची काळी बाजूही मुंबईने पाहिली. २६ नोव्हेंबर २००८ च्या हल्ल्यात अतिरेकी आणि पाकिस्तानात बसलेले त्यांचे सूत्रधार यांच्यातलं बोलणं इंटरनेट कॉलिंगवरून चाललं होतं हे तपासात पुढे आलं. सरकार या सेवेकडे इतकी वर्षं संशयाने का बघत आलं हे त्यावरून समजतं. परवानाधारक कंपन्यांना ॲपमधून साध्या फोननंबरवर कॉल द्यायची मोकळीक २०१८ मध्ये मिळाली, पण तोवर लोक व्हॉट्सॲपवर कधीच जाऊन बसले होते.

२०१५ नंतर

व्हॉट्सॲपवर आवाजी कॉल २०१५ मध्ये आला, व्हिडिओ नोव्हेंबर २०१६ मध्ये. त्याच्या दोन महिने आधी ५ सप्टेंबर २०१६ ला जिओ सुरू झालं, त्या दिवशी गणेश चतुर्थी होती. जिओचं सगळं नेटवर्क तेव्हा फोरजीचं होतं, त्यावर आवाजसुद्धा डेटासारखाच पाकिटांतून जातो, म्हणून कॉलचे वेगळे पैसे लावायचे नाहीत असं त्यांनी ठरवलं आणि बाकीच्यांनाही मागे यावं लागलं. मिनिट मोजणं तिथे संपलं. आता फोन ओट्यावर डब्याला टेकवून ठेवतात, पलीकडे सासूबाई भाजी निवडतायत, इकडे सून पोळ्या लाटतेय, दहा दहा मिनिटं कोणी काही बोलतही नाही आणि कॉल चालूच. मला हा सगळ्यात मोठा बदल वाटतो, कारण गप्प बसायचे पैसे आधी कोणालाच परवडत नव्हते.

२०२० च्या लॉकडाऊनमध्ये व्हॉट्सॲपने एका कॉलमध्ये आठ जण घ्यायची सोय केली आणि त्या वर्षी कित्येक घरांत गणपतीची आरती व्हिडिओ कॉलवर झाली, प्रत्येकाच्या टाळ्या वेगळ्या वेळी ऐकू यायच्या तरी लोक शेवटपर्यंत म्हणत होते. दुबई-अबुधाबीवाल्यांचं मात्र आजही वेगळं आहे, अमिरातीत व्हॉट्सॲपवर कॉल लागत नाही, तिथे परवानगी असलेली ॲप वापरावी लागतात, म्हणून कोकणातल्या कितीतरी आयांच्या फोनमध्ये खास मुलासाठी टाकलेलं बोटिम असतं.

आवाज का तुटतो

लोकांची नेहमीची तक्रार अशी की साधा कॉल नीट चालतो आणि व्हॉट्सॲपचा तुटतो, मग नेट खराब. अर्धं खरं आहे. फोरजीवरचा साधा कॉल, म्हणजे व्होल्टी, हासुद्धा पाकिटांतूनच जातो, पण तो कंपनीचा स्वतःचा कॉल असल्याने टॉवर त्याच्या पाकिटांना आधी वाट देतो. व्हॉट्सॲपची पाकिटं मात्र रील्स आणि मॅचच्या रांगेतच उभी. संध्याकाळी साडेसहाला दादरच्या पुलावर हजारो फोन एकाच वेळी नेट ओढत असतात, तेव्हा पाकिटं उशिरा येतात, आणि उशिरा आलेलं पाकीट आवाजासाठी फुकटच, फोन ते सरळ टाकून देतो. चालत्या लोकलमध्ये तर टॉवरही बदलत राहतात. पूर्वी फास्ट लोकल पारसिकच्या बोगद्यात शिरली की बोलणं अर्ध्यावर तुटायचं.

जमेची बाजू म्हणजे आवाजाची स्पष्टता. जुना फोन ३०० ते ३४०० हर्ट्झ एवढाच पट्टा पाठवायचा, त्यात स आणि श वेगळे कळायचे नाहीत, सहा म्हणाला की शहा हे दोनदा विचारावं लागायचं. व्होल्टी साधारण ७००० हर्ट्झपर्यंत पाठवतं आणि नेट चांगलं असेल तर ॲपवरचा आवाजही तसाच खुला येतो.

आणि हे सगळं हवेतून चाललंय असं वाटतं पण परदेशी कॉल जातो समुद्राखालच्या केबलमधून. वर्सोवा, प्रभादेवी इथे या केबल किनाऱ्याला लागतात, कोळी बांधव मासेमारीला जातात त्याच पाण्याखालून. ३० जानेवारी २००८ ला इजिप्तमधल्या अलेक्झांड्रियाजवळ दोन केबल तुटल्या तर इथलं नेट रखडलं होतं.

सध्याची भीती

व्हिडिओ कॉलवर पोलिसाचा गणवेश घालून "तुमच्या नावाने पार्सल सापडलंय, कॅमेऱ्यासमोरून हलायचं नाही" असं सांगत एकट्या राहणाऱ्या ज्येष्ठांना लुटतात, त्याला डिजिटल अरेस्ट म्हणतात. कायद्यात असली अटक नाही, पोलीस व्हिडिओ कॉलवर कोणाला अटक करत नाहीत. असा कॉल आला तर कट करायचा आणि पैसे गेले असतील तर लगेच १९३० ला फोन करायचा. घरातल्या आजी-आजोबांना हा नंबर मोठ्या अक्षरात लिहून द्यावा, मी आमच्याकडे फ्रीजवर लावलाय.

वीज गेल्यावर

मुंबईतल्या दाट इमारतींत आतल्या खोलीत रेंज येत नाही, लोक फोन घेऊन गॅलरीत जातात. त्यावर उपाय म्हणून २०२० च्या सुमारास वायफाय कॉलिंग आलं, साधाच कॉल पण घरच्या राउटरमधून. अडचण एवढीच की वीज गेली की राउटर बंद. जुन्या तांब्याच्या लँडलाइनला वीज एक्स्चेंजमधल्या बॅटरीतून यायची, ४८ व्होल्टची, घरात अंधार असला तरी डायल टोन यायचा. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, मोबाइल लागत नव्हते, आणि जिथे एक्स्चेंज पाण्याखाली गेलं नव्हतं तिथे अख्खा मजला एका लँडलाइनपाशी रांग लावून घरच्यांची खुशाली विचारत होता. फायबरच्या तारेतून वीज येत नाही, म्हणून आता लोक राउटरला छोटा यूपीएस जोडतात, तो दोन-चार तास काढतो.