नाशिकमधील कलासंग्रहालये व कलादर्शन

नाशिक शहर व परिसरातील शिल्पे, नाणी, चित्रे आणि वास्तुकला पाहण्याची ठिकाणे. मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाच्या तोडीचे मोठे संग्रहालय नाशिकमध्ये नाही. येथील श्रेष्ठ कलाकृती बहुतांशी जिथे घडल्या तिथेच उभ्या आहेत. म्हणून येथे संग्रहालय पाहायचे म्हणजे आधी डोंगर चढायचा आणि मग दालनात शिरायचे. हा क्रम उलटा केला, तर नाण्यांच्या पेटीसमोर पाहुणा जांभया देतो.

शहराच्या दक्षिणेस, मुंबई–आग्रा महामार्गालगतच्या त्रिरश्मी डोंगरात 24 लेणी आहेत. लोकांच्या तोंडी त्यांचे नाव पांडवलेणी. पांडवांशी त्यांचा संबंध नाही. ती बौद्ध भिक्षूंसाठी कोरलेली आहेत. खोदकाम इ.स.पू. पहिल्या शतकाच्या सुमारास सुरू झाले व पुढील काही शतके टप्प्याटप्प्याने चालले. सातवाहन राजा कृष्ण याच्या काळातील क्र. 19 हे लहानसे लेणे सर्वांत जुने समजतात. क्र. 18 हा येथील एकमेव चैत्य, म्हणजे स्तूप असलेले प्रार्थनागृह. त्याच्या दारावरील लेखात धंभिक गावाच्या दानाचा उल्लेख असून नाशिकचे नाव ज्या अतिप्राचीन लेखांत येते, त्यांपैकी तो एक आहे.

वेळ कमी असेल तर क्र. 10 व क्र. 3 ही दोनच लेणी पाहावीत, मात्र याच क्रमाने. क्र. 10 चा विहार (भिक्षूंचे निवासस्थान) क्षत्रप, म्हणजे शक राज्यकर्ता, नहपान याचा जावई उषवदात (ऋषभदत्त) याने करविला. ओसरीतील अष्टकोनी खांब, घटाकार तळखडे, घंटाकृती शिरोभाग आणि वर पाठीला पाठ लावून बसलेले प्राणी, अशी त्याची रचना आहे. मागील भिंतीवर मुळात स्तूप कोरलेला होता. पुढे कोणीतरी त्यातून भैरवाची मूर्ती काढली. उषवदाताच्या लेखात 3,000 कार्षापणांची (त्या काळच्या नाण्यांची) कायम ठेव नोंदवली आहे. त्यांतील 2,000 कार्षापण गोवर्धन येथील विणकरांच्या श्रेणीकडे (व्यवसायसंघाकडे) दरमहा शेकडा 1 व्याजाने, तर 1,000 दुसऱ्या श्रेणीकडे शेकडा पाऊण दराने ठेवले होते. वर्षावासात, म्हणजे पावसाळ्यात एका जागी, राहणाऱ्या 20 भिक्षूंना वस्त्रासाठी प्रत्येकी 12 कार्षापण मिळायचे. हिशेब जुळतो: 2,000 वर वर्षाचे व्याज 240, आणि 20 गुणिले 12 हेही 240. कोरक्याने खडकावर बँकेचे पासबुकच लिहून ठेवले आहे.

क्र. 3 हा गौतमीपुत्र सातकर्णीच्या आईचा, गौतमी बलश्रीचा विहार. मुलाच्या मृत्यूनंतर, नातू वासिष्ठीपुत्र पुळुमावीच्या 19 व्या राज्यवर्षी, तिने तो संघाला दिला. क्षहरातांचा, म्हणजे नहपानाच्या कुळाचा, निःपात करून सातवाहन कुळाची कीर्ती पुन्हा प्रस्थापित करणारा, असे मुलाचे वर्णन तिच्या लेखात आहे. ओसरीखाली तुळयांचा भार खांद्यावर पेलणारे सहा गण कोरले आहेत. छातीपर्यंत जमिनीत रुतलेले हे गण लेणे पालखीसारखे उचलून निघाल्यासारखे दिसतात. दाराची चौकट एखाद्या तोरणासारखी नक्षीने भरलेली आहे. पण खांबांचा घाट क्र. 10 वरूनच उचललेला आहे, आणि हात तितका सफाईदार नाही. शत्रूचा पराभव केला, त्याच्या कारागिरीचा मात्र करता आला नाही. येथील आणखी एका लेखानुसार, उषवदाताच्या ताब्यातील 200 निवर्तने (जमिनीचे जुने माप) शेत गौतमीपुत्राने त्रिरश्मीवरील भिक्षूंना दिले.

याच संघर्षाचा दुसरा पुरावा नाण्यांत सापडतो. 1906 मध्ये जिल्ह्यातील जोगलथेंबी येथे नहपानाच्या 13,000 हून अधिक चांदीच्या नाण्यांचा साठा मिळाला. त्यांपैकी सुमारे दोन-तृतीयांश नाण्यांवर गौतमीपुत्राने आपला छाप पुन्हा मारलेला आहे: एका बाजूस तीन कमानींचा डोंगर, दुसऱ्या बाजूस उज्जयिनी चिन्ह (फुलीच्या चार टोकांना चार वर्तुळे). खाली दबलेला नहपानाचा चेहरा काहींवर अजून ओळखू येतो. नाणी वाचायची कशी, हे शिकायला त्र्यंबकेश्वर रस्त्यावरील अंजनेरी येथे जावे. भारतीय मुद्राशास्त्र संशोधन संस्था तेथे असून तिची स्थापना 1980 मध्ये झाली. नाणकशास्त्रज्ञ परमेश्वरीलाल गुप्त तिच्या उभारणीत अग्रभागी होते. संस्थेचे नाणे संग्रहालय आहत (ठसे मारून केलेल्या प्राचीन) नाण्यांपासून पुढच्या काळापर्यंतची परंपरा मांडते.

शहरातील दालने लहान आहेत. 1840 मध्ये स्थापन झालेल्या सार्वजनिक वाचनालयाचा (सावाना) स्वतःचा वस्तुसंग्रह आहे. शालिमार भागात कालिदास कलामंदिराशेजारी महात्मा फुले कलादालन असून तेथे चित्रप्रदर्शने भरतात. सिन्नरचे जलरंग चित्रकार शिवाजी तुपे यांनी गोदाघाट वारंवार रंगवला. त्यांची निसर्गचित्रे पाहून घाटावर गेले, की ओल्या पायऱ्यांवरचा प्रकाश वेगळा दिसू लागतो. घाटावरचे नारोशंकर मंदिर पेशवेकालीन आहे. त्याच्या भिंतीवरची घंटा वसईच्या पोर्तुगिजांकडून विजयचिन्ह म्हणून आलेली, ‘नारोशंकराची घंटा’ म्हणून प्रसिद्ध. जवळच्या दुतोंड्या मारुतीकडे नाशिककर कलाकृती म्हणून क्वचितच पाहतो. पुराचे पाणी त्याच्या गुडघ्याला लागले की छातीला, एवढेच तो विचारतो.

सिन्नरचे गोंदेश्वर हे यादवकालीन पंचायतन मंदिर आहे: मध्ये शिव आणि चार कोपऱ्यांत चार लहान मंदिरे. शिखर भूमिज शैलीचे, म्हणजे लहान शिखरांच्या रांगा एकावर एक रचलेले, आहे. सिन्नरजवळच्या माळेगाव औद्योगिक वसाहतीतील गारगोटी संग्रहालय खनिजांचे, म्हणजे काटेकोर अर्थाने कलेचे नव्हे. पण दख्खनच्या काळ्या कातळाच्या पोकळ्यांत तयार झालेले झिओलाइट या खनिजाचे स्फटिक पाहताना हा भेद टिकत नाही.

त्र्यंबकेश्वरात जन्मलेले दादासाहेब फाळके मुंबईच्या जे. जे. कला महाविद्यालयात व बडोद्याच्या कलाभवनात शिकले होते. 1913 च्या ‘राजा हरिश्चंद्र’नंतर त्यांनी आपले काम नाशिकला आणले. त्यांचे स्मारक त्रिरश्मीच्या पायथ्याशीच आहे. लेणी डोंगराच्या उत्तर अंगाला असल्याने ओसरीत फारसे ऊन येत नाही. लेख वाचायचे तर सोबत विजेरी घ्यावी, आणि ती तिरपी धरावी, म्हणजे अक्षरांच्या खाचा सावलीने उठून दिसतात.