लाव्हाचा घुमट आणि रडारची सावली

ज्वालामुखी म्हटलं की डोळ्यांपुढे लालभडक लाव्हाचे पाट येतात. पण जास्त भीती वाटावी ती न वाहणाऱ्या लाव्हाची. चहा उकळताना वाफ सहज निसटते. घट्ट पिठल्यात मात्र ती अडकते आणि फटकन हातावर उडते. सह्याद्रीचा बेसाल्ट पातळ लाव्हाचा, म्हणून त्याचे थर दूरवर पसरले. इंडोनेशियातल्या मेरापीचा लाव्हा घट्ट. तो विवराच्या तोंडाशीच साचतो, त्याचा घुमट होतो, आत वायू कोंडतो. घुमट ढासळला की तापलेली राख, वायू आणि दगड उतारावरून सुसाट खाली येतात.

म्हणून घुमट किती वेगाने वाढतोय, हे कळायलाच हवं. पण शिखर ढगात आणि राखेत बुडालेलं, जवळ जाणं म्हणजे मृत्यू. इथे कामाला येतं रडार. त्याच्या सूक्ष्मलहरी ढग आणि राखेतून आरपार जातात.

त्यातली मला सर्वांत आवडणारी गोष्ट म्हणजे सावली. रडार उपग्रह सरळ खाली नाही, तिरका पाहतो. उंचवट्यामागे लहरी पोचत नाहीत, तिथून प्रतिध्वनी येत नाही, चित्रात काळा पट्टा उमटतो. उपग्रहाचा कोन ठाऊक असतो. पट्ट्याची लांबी मोजली की शाळेतल्या त्रिकोणमितीने उंची निघते. जमिनीची सेंटिमीटरभर हालचाल टिपणारी दुसरी पद्धतही आहे. तीत दोन फेऱ्यांमधल्या लहरींची कला, म्हणजे लहर चढउताराच्या कोणत्या टप्प्यावर आहे ते, ताडून पाहतात. पण त्यासाठी दोन्ही वेळा तेच दगड जागच्या जागी हवेत. वाढत्या घुमटावर ते सतत गडगडतात, म्हणून तिथे ही नाजूक पद्धत हरते आणि साधी सावली टिकते.

२०१० च्या नोव्हेंबरच्या सुरुवातीला कॅनडाच्या रडारसॅट-२ आणि जर्मनीच्या टेरासार-एक्स या रडार उपग्रहांच्या चित्रांत मेरापीचा घुमट सेकंदाला सुमारे २५ घनमीटर वेगाने फुगताना दिसला. म्हणजे दर सेकंदाला दहा हजार लिटरचे अडीच टँकर! भूकंपमापकांच्या नोंदीही तेच सांगत होत्या. धोक्याची हद्द १० वरून १५ आणि ४-५ नोव्हेंबरच्या रात्री २० किलोमीटरवर नेली. त्याच रात्री मोठा स्फोट झाला. साडेतीनशेहून अधिक माणसं त्या उद्रेकात गेली, पण दहा हजारांहून जास्त वाचली असा अंदाज आहे. डोंगराचे परंपरागत राखणदार म्बाह मारिजान गाव सोडायला तयार झाले नव्हते. २६ ऑक्टोबरच्या पहिल्या स्फोटातच ते गेले. श्रद्धेचा मान राखूनही म्हणावंसं वाटतं, डोंगर कुणाची ओळख ठेवत नाही.

३० जुलै २०२५ ला श्रीहरिकोटाहून निघालेल्या निसार या भारत-अमेरिकेच्या रडार उपग्रहाबद्दल 'आता उद्रेक आधीच कळणार' असे मथळे वाचले की मला खटकतं. निसार उत्तम आहेच, पण तोच कोन साधून तो परत येतो १२ दिवसांनी. मेरापीचा तो घुमट उभा राहून फुटायला आठवडाही लागला नव्हता.