इल-२ श्टुर्मोविक: किटच्या खोक्यांमागची पार्श्वभूमी

दुकानाच्या फळीवर किंवा ऑनलाइन यादीत ‘इल-२’ या दुसऱ्या महायुद्धातल्या सोव्हिएत हल्लाविमानाच्या प्लास्टिक मॉडेल किटची पाच-सहा खोकी शेजारी शेजारी दिसतात. कुणावर एकच वैमानिक, कुणावर मागे तोफची, कुणावर चाकांऐवजी बर्फावरच्या स्की. नाव एक असलं तरी आतली विमानं वेगळी आहेत. १९४१ ते १९४५ या काळात इल-२ ची ३६,००० हून जास्त विमानं बनली, आणि ती बनत असतानाच पंख, शेपटी, तोफा, आसनं, सगळं बदलत गेलं. म्हणून आधी कोणत्या वर्षाचं, जमल्यास कोणत्या महिन्याचं विमान करायचं ते ठरवावं आणि मगच कंपनी व स्केल पाहावं. उलट क्रमाने गेलं की हमखास १९४३ च्या कुर्स्कच्या लढाईतल्या डीकलखाली (चिकटवायच्या खुणांखाली) १९४४ चे पंख येतात.

सेर्गेई इल्यूशिन यांनी १९३८ मध्ये सरकारपुढे चिलखती हल्लाविमानाचा प्रस्ताव ठेवला. त्याआधीच्या विमानांत चिलखत म्हणजे तयार सांगाड्यावर चढवलेले जादा पत्रे, म्हणजे नुसतं ओझं. इल्यूशिन यांनी चिलखतालाच सांगाडा केलं. इंजिन, थंडाव्याची यंत्रणा, इंधनटाक्या आणि वैमानिक एका पोलादी टबात बसवले आणि त्या टबालाच पंख व शेपटी जोडली. एबी-१ हे पोलाद त्यासाठी मुद्दाम विकसित झालं, कारण दुहेरी वळणाचे आकार दाबून काढता येतील असं चिलखत तोवर नव्हतं. नाकापासून वैमानिकाच्या पाठीपर्यंत पृष्ठभाग गुळगुळीत आणि भरीव का दिसतो, याचं उत्तर इथे आहे. तिथे पातळ पत्र्याच्या विमानासारखा सुरकुतलेला ‘तणाव’ दाखवणं, जे हल्ली बरेच जण हौसेने करतात, इल-२ च्या नाकावर साफ चूक ठरतं.

पहिला नमुना, त्सेकेबे-५५, २ ऑक्टोबर १९३९ रोजी व्लादिमिर कोक्किनाकी यांनी उडवला. तो दोन आसनी होता. पण एएम-३५ इंजिनाची ताकद पुरेना. मग मागचा तोफची काढला, त्या जागी इंधनटाकी आणि चिलखत आलं, इंजिन एएम-३८ झालं, आणि ऑक्टोबर १९४० मध्ये एक आसनी त्सेकेबे-५७ उडालं. व्होरोनेझच्या कारखाना क्र. १८ मधून १९४१ च्या वसंतात उत्पादन सुरू झालं ते याच एक आसनी रूपाचं. जर्मन आक्रमणाच्या दिवशी, २२ जूनला, जेमतेम अडीचशे विमानं तयार होती. चौथ्या हल्ला रेजिमेंटने ती आठवड्याभरात बेरेझिना नदीच्या परिसरात प्रत्यक्ष लढाईत उतरवली, तेव्हा वैमानिकांना या विमानाची धड सवयही झालेली नव्हती.

मग कारखाने हलले. व्होरोनेझचा क्र. १८ आणि मॉस्कोचा क्र. १, दोन्ही कुइबिशेवला, म्हणजे आजच्या समाराला गेले. उत्पादन रखडलं, आणि डिसेंबर १९४१ मध्ये स्तालिनने कारखान्यांच्या संचालकांना ती प्रसिद्ध तार पाठवली: लाल सेनेला इल-२ हवेसारखी, भाकरीसारखी लागतात. मॉडेल करणाऱ्याच्या दृष्टीने तारेपेक्षा महत्त्वाची गोष्ट म्हणजे त्याच काळातली अॅल्युमिनियमची टंचाई. तिच्यामुळे पंखांचे बाहेरचे भाग आणि मागचा धड लाकडाचे झाले. मधला पंख, म्हणजे चाकं आणि बॉम्बकप्पे असलेला भाग, मात्र धातूचाच राहिला. लाकडी शेपटी लढाईत आणि खडबडीत धावपट्ट्यांवर पिचकू लागली, तेव्हा तिच्यावर बाहेरून लांब धातूच्या पट्ट्या ठोकल्या गेल्या. जुन्या फोटोंत धडाच्या मागच्या भागावर दिसणाऱ्या त्या उभारलेल्या रेषा पॅनेल लाइन नाहीत, या पट्ट्या आहेत.

किटवर याचे परिणाम नेमके होतात. लाकडी विमान करायचं असेल आणि किटच्या मागच्या धडावर रिव्हेट कोरलेले असतील, तर ते पुटीने बुजवून ६०० ते १००० ग्रिटच्या पेपरने घासावे लागतात. पट्ट्या हव्या असतील तर ०.२५ मिमी जाडीच्या प्लास्टिक शीटमधून बारीक कापून लावता येतात, पण त्याआधी त्या विमानाचा फोटो बघावा, सगळ्यांवर त्या नव्हत्या. रंग खरवडून चंदेरी दाखवण्याची सवय तर इथे हमखास घात करते. लाकडी पंखाच्या टोकाला अॅल्युमिनियम दिसूच शकत नाही. चंदेरी ओरखडे फक्त मधल्या पंखावर, वैमानिक पाय ठेवतो तिथे, आणि प्रोपेलरच्या पात्यांवर. नाकाच्या चिलखतावर उडालेला रंग दाखवायचाच असेल तर खाली गडद पोलादी छटा हवी, चकाकणारी नाही.

एक आसनी विमानाची पाठ उघडी होती आणि जर्मन लढाऊ विमानांना ती लगेच सापडली. १९४२ मध्ये काही रेजिमेंटनी स्वतःच धड कापून मागे मशीनगन बसवली. ऑक्टोबरच्या अखेरीस कारखान्यातूनच दोन आसनी विमानं येऊ लागली, मागे १२.७ मिमीची यूबीटी मशीनगन. तोफची मात्र मुख्य चिलखती टबाच्या बाहेर बसला. त्याच्या पाठीशी एक चिलखती पत्रा, खाली कॅनव्हासचा पट्टा हेच आसन. किटमध्ये तिथे खुर्ची दिली असेल तर ती काढून लेड फॉइलचा किंवा मास्किंग टेपचा पट्टा लावावा. मागची काचही अनेक युनिटनी काढून टाकली होती, कारण तिच्यामुळे तोफ फिरवायला अडचण होई. कॅनोपी नीट बसत नसेल, तर मागचा तुकडा वगळणं हा इथे आळस नाही, पुरावा असलेला पर्याय आहे.

या तोफचीमुळेच पुढचा मोठा बदल आला, आणि सगळ्यात जास्त किट इथेच चुकतात. टबामागे माणूस, तोफ आणि दारूगोळा आल्याने गुरुत्वमध्य मागे सरकला, विमान हाताळायला बिचकू लागलं. उपाय म्हणून पंखांच्या बाहेरच्या भागांची पुढची कड १५ अंश मागे वळवली. उचल देणारा भाग मागे गेला आणि तोल परत आला. रशियन वैमानिक या रूपाला ‘स्त्रेल्का’, म्हणजे बाण, म्हणत. बाणाच्या पंखांची विमानं आघाडीवर मोठ्या संख्येने १९४४ मध्ये दिसू लागली. सुरुवातीला हे पंखही लाकडी, पुढे धातूचे. जुलै १९४३ च्या कुर्स्कच्या लढाईत उडालेली दोन आसनी विमानं सरळ पंखांची होती. तरीही कितीतरी खोक्यांवर बाणाच्या पंखांचं विमान, खाली टायगर रणगाडे आणि कुर्स्क असा मथळा असतो. चित्र सुंदर, साल चुकीचं.

गोंधळात भर घालायला पाश्चात्त्य नावं आहेत. ‘इल-२एम३’ हे नाव युद्धकाळात सोव्हिएत कागदपत्रांत नव्हतं. ते बाहेरच्या लेखकांनी रूपं ओळखण्यासाठी रूढ केलं आणि किट कंपन्यांनी उचललं. म्हणून खोक्यावरच्या नावाऐवजी स्प्रूचा, म्हणजे किटचे भाग ज्या चौकटीला जोडलेले येतात तिचा, फोटो पाहावा. बाणाच्या पंखाच्या वरच्या तुकड्यात, मधल्या भागाशी जिथे जोड येतो तिथे पुढची कड स्पष्टपणे मोडून मागे जाते. सरळ पंखात ती जवळजवळ सलग वाटते आणि मागची कड टोकाकडे जास्त पुढे येते. ही एक खूण लक्षात ठेवली तर निम्मं काम झालं.

तोफांचंही तसंच. सुरुवातीच्या काही विमानांत २० मिमी श्वाक, नंतर सरसकट २३ मिमी व्ह्या-२३. व्ह्याची नळी पंखाबाहेर जास्त लांब आणि जाड दिसते. मॉस्कोच्या कारखाना क्र. ३० मध्ये १९४३ मध्ये ३७ मिमीच्या एनएस-३७ तोफांची एक मालिका बनली. तिच्यासाठी पंखांखाली मोठे फुगवटे आले, प्रत्येक तोफेला ५० गोळे, आणि बॉम्बभार घटवावा लागला. दोन्ही तोफा एकाच क्षणी डागल्या जात नसत, त्यामुळे धक्क्याने नाक डावी-उजवीकडे डुलायचं आणि नेम चुकायचा. कुर्स्कमध्ये मोठं काम केलं ते तोफांनी नाही, पीटॅब या छोट्या रणगाडाविरोधी बॉम्बनी. साधारण दीड किलो वजनाच्या या बॉम्बच्या पेट्या मधल्या पंखातल्या चार कप्प्यांत भरत. त्यामुळे कुर्स्कच्या सामान्य विमानासाठी व्ह्या तोफा आणि बंद किंवा उघडे कप्पे, एवढंच पुरतं. फुगवट्यांचं किट घ्यायचं तर ते एनएस-३७ च्या सरळ पंखी विमानासाठीच.

आता स्केल. इल-२ ची पंखांची रुंदी १४.६ मीटर. म्हणजे १/७२ मध्ये सुमारे २० सेमी, १/४८ मध्ये ३० सेमी, १/३२ मध्ये ४५ सेमीपेक्षा जास्त. शेवटच्यासाठी कपाटाची खोली आधी मोजावी. १/७२ मध्ये एअरफिक्सचं साठच्या दशकातलं किट आणि चेक केपीचं किट अजून सेकंडहँड बाजारात फिरतात. ते आठवण म्हणून ठीक, पण उभारलेले रिव्हेट आणि जाड काच घासत बसावं लागतं. याच स्केलमध्ये झ्वेझ्दाचं गोंदाशिवाय जुळणारं किट पहिल्या इल-२ साठी चांगलं. फक्त जोडाच्या जागी तरीही पातळ सिमेंट लावावं, नाहीतर रंगानंतर फट उघडते. तामियाचं १/७२ अधिक तलम आहे.

१/४८ हेच इल-२ चं खरं घर. नव्वदच्या दशकात अॅक्युरेट मिनिएचर्सने या विमानाची मालिका काढली, आणि सोव्हिएत विमानांच्या किटची पातळी त्या क्षणी वर गेली. त्याच साच्यांतली किट पुढे इतर कंपन्यांच्या खोक्यांतूनही आली, त्यामुळे वेगळं खोकं म्हणजे वेगळं किट असं समजू नये. तामियाचं १/४८ जोडायला सर्वांत सोपं, पण ते बाणाच्या पंखांचं दोन आसनी आहे. म्हणजे १९४४-४५ चं विमान हवं असेल तर डोळे झाकून घ्यावं, स्तालिनग्राद किंवा कुर्स्क हवं असेल तर कितीही स्वस्त मिळालं तरी नको. झ्वेझ्दाने या स्केलमध्ये खोक्यावर वर्षाचा नमुना छापण्याची चांगली पद्धत ठेवली आहे. तरी स्प्रू पाहायचाच. १/३२ मध्ये हॉबी बॉसने एक आसनी, दोन आसनी, स्की अशी रूपं काढली. इथे कॉकपिट आणि बॉम्बकप्प्यांवर खूप काम करता येतं आणि खूप रंग लागतो.

जोडताना अडचणी बहुतेक तीन ठिकाणी येतात. चाकांच्या मोठ्या आवरणांचा जोड पंखाच्या पुढच्या कडेवर येतो. तिथे पुटीपेक्षा आधी ड्राय फिट करून, म्हणजे गोंदाशिवाय जुळवून, खालचा भाग थोडा घासणं बरं, कारण आवरणाचा गोल आकार नंतर परत मिळत नाही. प्रत्येक मुख्य चाक दोन दांड्यांमध्ये धरलेलं असतं; दांडे समांतर नसतील तर विमान कलतं. चाक तात्पुरतं अडकवून सिमेंट सुकेपर्यंत ठेवावं. तिसरी जागा नाकावरची हवेची वाट. वरून आत जाणारी हवा धडातल्या रेडिएटरमधून खालून बाहेर पडते, आणि रेडिएटरचा तुकडा धड बंद करण्याआधी बसवायला विसरलं तर आरपार उजेड दिसतो. उजव्या पंखाच्या मुळाशी असलेलं मोठं हवेचं तोंडही नीट पोकळ करावं, भरीव प्लास्टिक लगेच लक्षात येतं. नेमाच्या यंत्राचंही पाहून घ्यावं: १९४२ नंतर अनेक विमानांत वरचं यंत्र काढून पुढच्या काचेवर कोरलेल्या वर्तुळांवर आणि नाकावरच्या बारीक खिट्टीवर काम भागवलं जाई. ती खिट्टी ताणलेल्या स्प्रूतून किंवा ०.३ मिमी तारेतून होते.

रंगात इतिहास पुन्हा साल विचारतो. १९४१ ते १९४३ च्या मध्यापर्यंत वर हिरवा एएमटी-४ आणि काळा एएमटी-६, खाली फिकट निळा एएमटी-७ (एएमटी हे सोव्हिएत विमानरंगांचे क्रमांक). जुलै १९४३ मध्ये हल्लाविमानांसाठी तीन रंगांची योजना आली: फिकट तपकिरी एएमटी-१, हिरवा एएमटी-४, गडद करडा एएमटी-१२. कारखान्यांत ती हळूहळू उतरली, त्यामुळे कुर्स्कच्या विमानावर हिरवा-काळा रंग अगदी शक्य आहे. एएमटी-४ हा ऑलिव्हकडे झुकणारा हिरवा आहे. किटच्या सूचनांत दिलेला जवळचा रंग अनेकदा जास्त गवती निघतो. एके रिअल कलर्स किंवा एमआरपी या मॉडेल-रंगांच्या बाटल्यांवर हे क्रमांकच छापलेले असल्याने मिसळत बसावं लागत नाही. हिवाळी पांढरा रंग धुता येणारा होता, म्हणून तो पातळ आणि झिजलेला दाखवावा, खालून हिरवा-काळा डोकावू द्यावा. मुंबई-कोकणात हेच काम जुलैत करायला घेतलं तर लॅकर मॅट वार्निशवर दमटपणाने स्वतःहून पांढरट थर चढतो, आणि तो हिवाळी छद्मावरणाशी अजिबात जुळत नाही. वार्निश कोरड्या दिवशी, पातळ हातांनी मारावं.

ताऱ्यांबाबतही डीकल तपासावेत. युद्ध सुरू झाल्यावर पंखांच्या वरच्या बाजूचे तारे बहुतांशी गेले, शेपटीवर आणि धडावर आले. १९४३ पासून ताऱ्यांना पांढरी कड दिसू लागली. संदर्भासाठी मॉस्कोजवळचं मोनिनो, प्रागजवळचं क्बेली आणि बेलग्रेड इथल्या संग्रहालयांतल्या इल-२ चे फोटो उपयोगी पडतात. मात्र जपलेल्या विमानांवरचा रंग अनेकदा नंतर दिलेला असतो, त्यामुळे आकार त्यांच्याकडून घ्यावा आणि रंग युद्धकाळातल्या फोटोंकडून.

इल-१० चं खोकं ‘इल-२ चं नवं रूप’ म्हणून विकलं जातं, पण ते १९४४ मध्ये उडालेलं वेगळं विमान आहे: एएम-४२ इंजिन, बारीक धड, चिलखताच्या आत बसलेला तोफची. त्याची चाकं वळून पंखात पूर्ण मिटतात, इल-२ ची मागे मिटूनही आवरणाबाहेर अर्धी दिसतात. त्यामुळे एका किटचे पंख किंवा चाकं दुसऱ्याला लावून काम भागत नाही, दोन्ही स्वतंत्रच घ्यावी लागतात.