बॅक्टेरिओसिन

जीवाणूंनी तयार केलेली आणि बहुधा स्वतःच्या जवळच्या भाऊबंदांनाच मारणारी किंवा त्यांची वाढ रोखणारी प्रथिने वा पेप्टाइडे. इतर प्रथिनांप्रमाणे ती रायबोसोमवर (पेशीतल्या प्रथिने घडवणाऱ्या कणावर), जनुकाच्या बरहुकूम घडतात. पेनिसिलीनसारखी प्रतिजैविके तशी घडत नाहीत. म्हणून काम एकच दिसत असले तरी अन्नसूक्ष्मजीवशास्त्रात दोन्हींना एका रांगेत बसवत नाहीत. ई. कोलाय या आतड्यातल्या जीवाणूचा एक वाण (जातीतला उपप्रकार) दुसऱ्या वाणाला मारतो, हे बेल्जियन शास्त्रज्ञ आंद्रे ग्रातिया यांनी १९२५ मध्ये दाखवले. ते द्रव्य पुढे कोलिसिन म्हणून ओळखले गेले. अन्नाच्या दृष्टीने मात्र खरे मोल लॅक्टिक आम्ल जीवाणूंच्या बॅक्टेरिओसिनांना आहे. आंबवलेल्या पदार्थांबरोबर हे जीवाणू माणूस पिढ्यानपिढ्या खात आला आहे.

त्यांतले सर्वाधिक अभ्यासलेले नायसिन. लॅक्टोकॉकस लॅक्टिस हा दुधातला जीवाणू ते बनवतो. त्याचा परिणाम १९२८ मध्येच नोंदला गेला होता. मॅटिक आणि हिर्श यांनी १९४७ मध्ये द्रव्याचे नामकरण केले. ३४ ॲमिनो आम्लांच्या या साखळीत गंधकयुक्त दुव्यांनी बनलेली पाच वलये असतात. नायसिन जीवाणूच्या पेशीपटलातल्या ‘लिपिड २’ या रेणूला धरते. हा रेणू म्हणजे पेशीभित्तिकेचा कच्चा माल वाहून नेणारा हमाल. तो अडकला की भित्तिकेचे बांधकाम थांबते, आणि त्याच जागी पटलाला छिद्रे पडून आतले घटक बाहेर झिरपतात. नायसिन बनवणारी पेशी स्वतः मरत नाही, कारण बचावाची प्रथिनेही तीच तयार करते.

चीज वितळवून प्रक्रिया करताना दिलेल्या उष्णतेने जिवंत पेशी मरतात, पण क्लॉस्ट्रिडियम या जीवाणूचे बीजाणू (उष्णतेला दाद न देणारी सुप्त रूपे) तगतात आणि पुढे वायू सोडून चीज फुगवतात. अंकुरलेल्या बीजाणूला नायसिन पुढे वाढू देत नाही. अन्न व कृषी संघटना आणि जागतिक आरोग्य संघटना यांच्या संयुक्त तज्ज्ञ समितीने १९६९ मध्ये त्याला मान्यता दिली. युरोपात ते ई २३४ या क्रमांकाने ओळखले जाते. पोटात गेल्यावर ट्रिप्सिन, कायमोट्रिप्सिन ही विकरे त्याचे तुकडे करतात, ही त्याची मोठी जमेची बाजू.

प्रयोगशाळेत बॅक्टेरिओसिनाचा शोध साध्या चाचणीने सुरू होतो. संवेदनशील जीवाणू मिसळलेल्या अगारच्या थाळीत खळगे पाडून त्यांत संशयित वाणाचा पेशीविरहित द्रव ओततात आणि भोवती स्वच्छ वलय उमटते का, ते पाहतात. वलय दिसले म्हणून हुरळून जाण्यात अर्थ नाही. लॅक्टिक आम्ल किंवा हायड्रोजन पेरॉक्साइडही तेच करू शकते. म्हणून द्रवाची आम्लता उदासीन करतात, कॅटॅलेजने पेरॉक्साइड घालवतात आणि शेवटी प्रथिनभंजक विकर टाकतात. पहिल्या दोन्हींनंतर टिकलेले वलय तिसऱ्याने नाहीसे झाले, तरच बॅक्टेरिओसिनाचा दावा उभा राहतो.

थाळीतले यश अन्नात उतरेलच असे नाही. नायसिन आम्लधर्मी पदार्थांत चांगले विरघळते व टिकते. आम्लता कमी झाली की त्याचा जोर ओसरतो. ते स्निग्धांशाला चिकटते, तर कच्च्या मांसातल्या ग्लुटाथायोन या गंधकयुक्त संयुगामुळे निष्क्रिय होते. बुरशी व यीस्टवर त्याचा उपयोग नाही. ग्रॅम-ऋण जीवाणूंना बाह्यपटलाचे कवच असल्याने त्यांच्यासाठी ईडीटीएसारख्या धातुबंधकाची जोड लागते. ‘नैसर्गिक’ या शब्दावर विसंबून परिरक्षक निवडता येत नाही, ते याचमुळे.

प्रोबायोटिक म्हणजे पुरेशा मात्रेत घेतल्यास आरोग्याला लाभ देणारे जिवंत सूक्ष्मजीव, अशी व्याख्या २००१ मध्ये वरील दोन संघटनांच्या तज्ज्ञांनी केली. तो लाभ नेमका कशामुळे, हे सांगणे अवघड असते. त्यामुळे २००७ मध्ये प्रसिद्ध झालेला आयर्लंडमधला एक प्रयोग महत्त्वाचा ठरतो. लॅक्टोबॅसिलस सॅलिव्हेरियसच्या यूसीसी ११८ या वाणाने उंदरांना लिस्टेरिया या रोगजंतूच्या संसर्गापासून वाचवले; त्याच वाणातली बॅक्टेरिओसिन बनवण्याची क्षमता जनुकबदलाने काढून टाकताच संरक्षणही गेले. संरक्षण बॅक्टेरिओसिनामुळेच होते, हे त्यातून उघड झाले. तरी हा निष्कर्ष एका वाणापुरता, एका रोगजंतूपुरता आणि उंदरांपुरता आहे. त्याच जातीचा दुसरा वाण हे द्रव्य बनवेलच, असे गृहीत धरता येत नाही.