साखर आणि कर्करोगाचा धोका

साखरेचे सेवन आणि कर्करोग यांचा संबंध बहुतांशी अप्रत्यक्ष आहे. साखर खाल्ल्याने थेट गाठ होते असे सिद्ध झालेले नाही. परंतु वर्षानुवर्षे गरजेपेक्षा जास्त साखर पोटात गेल्यास वजन वाढते, रक्तातील इन्सुलिन चढे राहते आणि त्या वाटेने धोका वाढतो. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने २०१६ मध्ये शरीरातील अतिरिक्त चरबीचा संबंध १३ प्रकारच्या कर्करोगांशी असल्याचे मान्य केले. मोठे आतडे, स्वादुपिंड, गर्भाशयाचे अस्तर आणि पाळी गेल्यानंतरचा स्तनाचा कर्करोग हे त्यांतले काही.

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१५ च्या शिफारशीनुसार वरून घातलेली साखर एकूण उष्मांकाच्या १० टक्क्यांखाली, शक्य तर ५ टक्क्यांखाली, म्हणजे दिवसाला सुमारे २५ ग्रॅम असावी. मराठवाड्यात घरी आणि पाहुण्यांकडे मिळून तीन कप चहा सहज होतो. कपाला दोन चमचे धरले तर ही मर्यादा चहातच संपते. गुऱ्हाळावर काहिलीत आटवलेल्या रसाच्या गुळात थोडी खनिजे असतात, तरी त्याचा बहुतेक भाग साखरच असल्याने तो या हिशेबातून सुटत नाही.

‘साखर कॅन्सरला पोसते’ ही समजूत जर्मन शास्त्रज्ञ ऑटो वारबुर्ग यांच्या १९२० च्या दशकातील निरीक्षणावरून बळावली. प्राणवायू असतानाही गाठीतील पेशी ग्लुकोज भराभर वापरतात आणि त्याचे लॅक्टिक आम्ल करतात, असे त्यांना आढळले; पेट (PET) स्कॅन या तपासणीत ग्लुकोजसारखे किरणोत्सारी द्रव्य टोचून गाठ शोधतात ती याच गुणामुळे. पण ग्लुकोज शरीरातील प्रत्येक पेशीला लागते आणि ते ज्वारीच्या भाकरीतूनही मिळते, त्यामुळे साखर तोडल्याने गाठ उपाशी मरत नाही. या समजुतीपायी केमोथेरपी चालू असलेल्या रुग्णाचे गोड, मग भात, मग भाकरीही बंद करणे घातक आहे, कारण वजन घटलेल्या रुग्णाला उपचार झेपत नाहीत. अशा काळात काय खावे हे उपचार करणाऱ्या डॉक्टरांनाच विचारावे.

या भागात साखरेपेक्षा तंबाखूची चिंता कितीतरी मोठी आहे. तोंडाच्या कर्करोगाचे ते प्रमुख कारण असून मिश्री आणि खैनीही त्यातच मोडतात.