बालकांची सामाजिक-आर्थिक स्थिती, मानसिक आरोग्य आणि जीवनगुणवत्ता

कुटुंबाचे उत्पन्न, आईवडिलांचे शिक्षण व व्यवसाय यांवरून ठरणारे समाजातील स्थान, त्या कुटुंबात वाढणाऱ्या मुलांचे मानसिक स्वास्थ्य आणि स्वतःच्या जगण्याविषयीची त्यांची धारणा, या तिहींच्या परस्परसंबंधांचा अभ्यास. मानसचिकित्सा, विकासात्मक मानसशास्त्र, समाजशास्त्र आणि सार्वजनिक आरोग्य या शाखांच्या सीमेवर हा विषय येतो. खालच्या आर्थिक स्तरातील मुलांत मानसिक समस्या अधिक आढळतात, हे निरीक्षण आज जवळजवळ निर्विवाद आहे. फ्रान्झिस्का राइस यांनी २०१३ मध्ये ५५ संशोधनांचा आढावा घेतला. त्यांपैकी ५२ संशोधनांत हा व्यस्त संबंध दिसला आणि वंचित मुलांत समस्या उद्भवण्याची शक्यता इतरांच्या दुप्पट ते तिप्पट भरली. गरिबी दीर्घकाळ टिकली असेल तर संबंध अधिक घट्ट असतो. अर्थात हे गटांचे प्रमाण आहे. गरीब घरांतील बहुसंख्य मुलांना कोणताही मानसिक विकार नसतो. अभ्यासकांत मतभेद आहेत ते कारणाविषयी.

मापन : सामाजिक-आर्थिक स्थिती मोजण्याची रूढ साधने प्रौढांच्या माहितीवर बेतलेली आहेत. ऑगस्ट हॉलिंग्सहेड यांचा चार घटकांचा निर्देशांक (१९७५) शिक्षण, व्यवसाय, लिंग व वैवाहिक स्थिती यांवरून कुटुंबाला गुण देतो. भारतीय संशोधनात नागरी कुटुंबांसाठी कुप्पुस्वामी श्रेणी आणि ग्रामीण कुटुंबांसाठी पारीक श्रेणी वापरतात. उत्पन्नावर आधारलेल्या श्रेणींतील गट चलनवाढीनुसार वारंवार बदलावे लागतात, त्यामुळे वेगवेगळ्या वर्षांच्या पाहण्यांची तुलना जपूनच करावी लागते.

मुलांनाच विचारायचे तर अडचण वाढते. घरचे उत्पन्न किती, या प्रश्नाला शाळकरी मुलाकडून उत्तर मिळत नाही, किंवा मिळते ते भरवशाचे नसते. शालेय मुलांच्या आरोग्यवर्तनाची जी आंतरराष्ट्रीय पाहणी १९८२ मध्ये इंग्लंड, फिनलंड व नॉर्वे येथील संशोधकांनी सुरू केली, तिच्यात म्हणून पुढे वेगळी वाट धरण्यात आली. घरी मोटार आहे का, असल्यास एक की अधिक. तुला स्वतंत्र खोली आहे का. घरात संगणक किती. वर्षभरात घरच्यांबरोबर सुटीच्या प्रवासाला किती वेळा गेलास, असे प्रश्न मुलांना विचारले जातात. कालांतराने त्यांत स्नानगृहांची संख्या व भांडी धुण्याचे यंत्र यांची भर पडली. हीच कौटुंबिक संपन्नता श्रेणी. ती सोपी आहे, पण वस्तूंचे सामाजिक मोल टिकत नाही. संगणक घरोघरी आल्यावर त्या प्रश्नाने श्रीमंत-गरीब भेद फारसा दाखवेनासा झाला.

मानसिक समस्यांच्या चाळणीसाठी रॉबर्ट गुडमन यांची २५ प्रश्नांची ‘बलस्थाने व अडचणी’ प्रश्नावली (१९९७) बहुतेक मोठ्या पाहण्यांत वापरली जाते. तिच्यावरून निदान होत नाही, जोखीम तेवढी कळते.

कार्यकारणाचा वाद : या वादाची मुळे प्रौढांच्या अभ्यासांत आहेत. रॉबर्ट फॅरिस व वॉरन डनहॅम यांनी १९३९ मध्ये शिकागोतील रुग्णांची वस्तीनिहाय मांडणी केली, तेव्हा छिन्नमानसाचे (स्किझोफ्रेनियाचे) रुग्ण शहराच्या मध्यभागातील दरिद्री वस्त्यांत एकवटलेले दिसले. हॉलिंग्सहेड व फ्रेड्रिक रेडलिक यांनी न्यू हेवन येथे केलेल्या अभ्यासातही (१९५८) तसाच वर्गभेद आढळला. शिवाय उपचारांचे स्वरूपही रुग्णाच्या वर्गानुसार बदलत असल्याचे दिसले. यावर दोन स्पष्टीकरणे पुढे आली. सामाजिक कारणवादानुसार दारिद्र्याचा ताण आजाराला जन्म देतो. सामाजिक निवडीच्या मतानुसार आजारी माणूस शिक्षण, नोकरी गमावत खाली घसरतो. गोल्डबर्ग व मॉरिसन यांनी १९६३ मध्ये छिन्नमानसाच्या रुग्णांच्या वडिलांचे व्यवसाय तपासले. रुग्ण खालच्या वर्गात गोळा झालेले होते, परंतु त्यांच्या वडिलांची वर्गवारी सर्वसाधारण लोकसंख्येसारखीच होती. घसरणीच्या बाजूचा हा मोठा पुरावा मानला जातो.

ब्रूस डोरनवेंड व सहकाऱ्यांनी इस्राएलमध्ये केलेल्या अभ्यासाची (१९९२) रचना चातुर्याची होती. युरोपीय मूळ असलेले ज्यू आणि भेदभावाला अधिक तोंड द्यावे लागलेले उत्तर आफ्रिकी मूळ असलेले ज्यू यांची त्यांनी एकाच आर्थिक स्तरावर तुलना केली. ताण हे कारण असेल, तर त्याच स्तरावर वंचित गटात विकार अधिक आढळायला हवेत. निवड हे कारण असेल, तर उलट घडायला हवे : अनुकूल गटातून खाली आलेले लोक प्रामुख्याने आजारपणामुळेच खाली आलेले असणार, म्हणून तळाच्या स्तरावर त्या गटात विकार अधिक दिसतील. छिन्नमानसाच्या बाबतीत निवडीचा अंदाज खरा ठरला. स्त्रियांतील नैराश्य आणि पुरुषांतील समाजविघातक वर्तन व व्यसने यांच्या बाबतीत कारणवादाचा. सर्व मानसिक विकारांना एकच उत्तर लागू पडत नाही, ही या वादातील बहुधा सर्वांत टिकाऊ निष्पत्ती होय.

मुलांच्या संदर्भात निवडीचा युक्तिवाद जसाच्या तसा लागू होत नाही, कारण दहा वर्षांचे मूल आपल्या विकारामुळे कुटुंबाचा वर्ग सहसा बदलत नाही. (गंभीर विकार असलेल्या मुलासाठी आई किंवा वडील नोकरी सोडतात, तेव्हा काही अंशी तसे घडते.) म्हणून तो एक पिढी मागे नेला जातो. पालकांना आनुवंशिक प्रवृत्तीमुळे आर्थिक यश कमी मिळते आणि तीच प्रवृत्ती मुलांत उतरते, असे या पक्षाचे म्हणणे. अमीर सारियासलान व सहकाऱ्यांनी २०१४ मध्ये स्वीडनच्या राष्ट्रीय नोंदींवरून पाच लाखांहून अधिक व्यक्तींचा अभ्यास केला. बालपणीचे अल्प उत्पन्न आणि पुढील हिंसक गुन्हे व व्यसने यांचा ठळक संबंध त्यात प्रथम दिसला. परंतु वेगवेगळ्या उत्पन्नाच्या काळात वाढलेल्या सख्ख्या भावंडांची तुलना करताच तो नाहीसा झाला. या निष्कर्षाची दखल घ्यावीच लागते. तथापि भावंडांमधील उत्पन्नाचा फरक बहुधा लहान व तात्पुरता असतो, आणि स्वीडनसारख्या कल्याणकारी राज्यात तीव्र दारिद्र्याची झळ मुळातच सौम्य होते. त्यामुळे त्याचा विस्तार सर्वत्र करणे धाडसाचे ठरेल.

दुसऱ्या बाजूचा सर्वाधिक उद्धृत पुरावा अमेरिकेच्या नॉर्थ कॅरोलायना राज्यातील ग्रेट स्मोकी माउंटन्स अभ्यासातून आला. जेन कॉस्टेलो व सहकाऱ्यांनी १९९३ पासून तेथील १,४२० मुलांची दरवर्षी तपासणी चालवली होती. त्यांपैकी ३५० मुले मूलनिवासी समाजातील होती. १९९६ मध्ये चेरोकी जमातीच्या राखीव प्रदेशात कॅसिनो सुरू झाला आणि नफ्यातील वाटा जमातीच्या प्रत्येक व्यक्तीला सहा महिन्यांनी मिळू लागला. २००१ पर्यंत तो वर्षाला सुमारे ६,००० डॉलर झाला होता. मुलांचा वाटा ती सज्ञान होईपर्यंत विश्वस्त निधीत जमा होई. कुटुंबाची प्रवृत्ती, आळस वा उद्योगीपणा यांचा या पैशाशी काहीच संबंध नव्हता, आणि या अभ्यासाचे सारे मोल त्यातच आहे. १४ टक्के मूलनिवासी कुटुंबे दारिद्र्यरेषेच्या वर आली. चार वर्षांत त्यांच्या मुलांतील आचरण विकार व अवज्ञा विकार यांची लक्षणे कधीच गरीब नसलेल्या मुलांच्या पातळीला उतरली. गरीबच राहिलेल्यांत ती चढी राहिली. चिंता व नैराश्याच्या लक्षणांवर मात्र परिणाम झाला नाही. सुधारणेचा मोठा भाग पालकांची देखरेख वाढल्यामुळे झाला, असे विश्लेषणात दिसले. कॅसिनो सुरू झाला तेव्हा सर्वांत लहान असलेल्या मुलांत तरुणपणी दारू व गांजाशी निगडित विकार तुलनेने कमी आढळले (२०१०).

पैसा मिळाला की मूल सुधारते, असा सरळ अर्थ यातून काढता येत नाही. अमेरिकेतच १९९४ पासून पाच शहरांत राबवलेल्या ‘मूव्हिंग टू ऑपॉर्च्युनिटी’ प्रयोगात सोडतीने निवडलेल्या कुटुंबांना कमी दारिद्र्याच्या वस्तीत घर घेण्यास साहाय्य मिळाले. स्थलांतरित मुलींचे मानसिक आरोग्य सुधारले, तर मुलग्यांत नैराश्य, आघातोत्तर ताण व आचरण विकार वाढल्याचे रोनाल्ड केसलर व सहकाऱ्यांना आढळले (२०१४). ‘बेबीज फर्स्ट इयर्स’ या प्रयोगात नवजात बालकांच्या १,००० गरीब मातांपैकी काहींना दरमहा ३३३ डॉलर व इतरांना २० डॉलर दिले गेले. पहिल्या वर्षाअखेरीस मेंदूच्या विद्युत्‌-आलेखात फरक दिसल्याचे जाहीर झाले, पण मुले चार वर्षांची झाल्यावर दोन्ही गटांच्या वर्तनात व विकासात लक्षणीय फरक आढळला नाही. एकंदर पुरावा पाहता आचरणविषयक समस्यांत आर्थिक परिस्थितीचा स्वतंत्र वाटा मान्य करणे अधिक सयुक्तिक वाटते. भावनिक विकारांबाबत तेवढ्या ठामपणे म्हणता येत नाही.

प्रभावाचे मार्ग : ग्लेन एल्डर यांनी १९३० च्या महामंदीतील मुलांच्या अभ्यासातून (१९७४) आणि पुढे रँड काँगर यांनी आयोवातील संकटग्रस्त शेतकरी कुटुंबांच्या अभ्यासातून कौटुंबिक ताणाचे प्रतिमान मांडले. त्यानुसार तंगीची झळ मुलाला बव्हंशी पालकांमार्फत पोहोचते : देणी थकतात, आईवडील खचतात, आपसांत खटके उडतात, वागणे कठोर किंवा बेभरवशाचे होते. मायकेल रटर यांनी आइल ऑफ वाइट व लंडनमधील एका वस्तीच्या तुलनेतून दाखवले, की एकटी प्रतिकूलता (उदा., फक्त खालचा वर्ग) विकाराचा धोका फारसा वाढवत नाही, दोन-तीन एकत्र आल्या की तो झपाट्याने वाढतो. शारीरिक बाजूने, सततच्या ताणाने शरीरावर साचत जाणाऱ्या भाराची संकल्पना ब्रूस मॅक्एवन व एलियट स्टेलर यांनी १९९३ मध्ये मांडली. याउलट सुनिया लूथर यांना अतिसंपन्न उपनगरांतील किशोरांत व्यसने व चिंतेचे प्रमाण अनपेक्षितपणे अधिक आढळले, म्हणजे चढत्या श्रीमंतीबरोबर स्वास्थ्य सरळ रेषेत वाढतेच असे नाही.

जीवनगुणवत्ता : जागतिक आरोग्य संघटनेच्या व्याख्येनुसार जीवनगुणवत्ता म्हणजे आपली संस्कृती, मूल्ये, ध्येये व अपेक्षा यांच्या संदर्भात व्यक्तीला जाणवणारे स्वतःचे जीवनातील स्थान. राहणीमान बाहेरून मोजता येते. जीवनगुणवत्तेबद्दल मुलाचाच शब्द प्रमाण मानावा लागतो. जेम्स वार्नी यांची ‘पेड्सक्यूएल’ प्रश्नावली (२३ प्रश्न) शारीरिक, भावनिक, सामाजिक व शालेय या चार अंगांना गुण देते. तेरा युरोपीय देशांत मिळून तयार झालेली ‘किडस्क्रीन’ ८ ते १८ वर्षांच्या मुलांसाठी असून तिच्या मोठ्या आवृत्तीत ५२ प्रश्न व दहा अंगे आहेत.

संपन्न घरातील मुले जीवनगुणवत्ता सरासरीने अधिक सांगतात, आणि मानसिक समस्या असलेली मुले बरीच कमी. पण या आकड्यांत एक गुंता आहे, ज्याकडे संकलनपर लेखनात बहुधा दुर्लक्ष होते. किडस्क्रीनच्या दहा अंगांपैकी एक आर्थिक साधनांचेच आहे. मित्रांसारख्या गोष्टी करायला तुझ्याकडे पुरेसे पैसे होते का, अशा आशयाचा प्रश्न त्यात येतो. पेड्सक्यूएलच्या भावनिक अंगात भीती, उदासपणा, राग, झोप व काळजी यांबद्दल विचारतात, आणि तीच लक्षणे मानसिक आरोग्याच्या प्रश्नावलीतही असतात. साहजिकच दोन मापनांतील काही संबंध साधनांच्या घडणीतूनच येतो. केवळ एकूण गुण देणारी संशोधने म्हणून अंगनिहाय गुण देणाऱ्यांपेक्षा कमी उपयोगाची ठरतात.

मूल आणि पालक यांची उत्तरे शारीरिक बाबींत बऱ्यापैकी जुळतात, भावनिक बाबींत कमी. पेड्सक्यूएलमध्ये मुलाचे स्वतःचे उत्तर पाचव्या वर्षापासून घेतले जाते. त्याखालील वयासाठी फक्त पालकांची आवृत्ती आहे. तंगीमुळे खचलेली आई मुलाबद्दलचे प्रश्न त्याच मनःस्थितीत सोडवते, त्यामुळे शिशुवयातील जीवनगुणवत्तेचे आकडे पालकांच्या स्वतःच्या मानसिक आरोग्यापासून वेगळे काढणे सध्याच्या साधनांनी अवघड आहे. उपलब्ध पुराव्याचा बहुतांश भाग युरोप व उत्तर अमेरिकेतील आहे. अल्प उत्पन्नाच्या देशांतील दीर्घकालीन अभ्यास त्यामानाने थोडे आहेत.